उंच मुलानें बचावांत कोठें उभें राहावें?

दर वर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली आणि नवे विद्यार्थी मैदानावर येऊं लागले, म्हणजे त्यांत एखादा तरी मुलगा असा निघतो कीं, रांगेंतील इतरांच्या डोक्यांवरून त्याचें डोकें सहज दिसतें. बास्केटबॉलच्या संघाची जबाबदारी ज्यांच्याकडे असते, त्यांची दृष्टि ताबडतोब त्याच्याकडे वळते. त्याचें नांव, इयत्ता व वय विचारण्याच्या आधींच 'हा रिंगेखालीं उभा राहील' असा निकाल मनांतल्या मनांत लागून जातो. हा निकाल बरोबर कीं चूक, आणि बरोबर असल्यास कितपत बरोबर, ह्याचा विचार आमच्या विद्यार्थिबंधूंपुढें मांडावा, ह्या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम ह्या खेळाचा उगम पाहूं, म्हणजे उंचीला इतकें महत्त्व कां आलें तें ध्यानांत येईल. इ. स. १८९१ च्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गांवीं, वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत, जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें हिवाळ्यांत घराच्या आंत खेळतां यावा म्हणून हा खेळ काढला. व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्यास त्यानें पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून १० फूट उंच होता, म्हणून टोपलीहि १० फुटांवर आली. आज टोपलीच्या जागीं लोखंडी रिंग व जाळी आहे. परंतु उंची तीच, म्हणजे ३.०५ मीटर, राहिली आहे. आपल्या देशांत हा खेळ वाय. एम. सी. ए. च्या द्वारें आला, आणि १९२० सालीं हॅरी क्रो बक ह्यांनीं मद्रास येथें काढलेल्या शारीरिक शिक्षणाच्या विद्यालयानें तो शाळांपर्यंत पोंचविण्यास मोठा हातभार लाविला.

रिंग जागच्या जागीं राहिली आणि खेळाडू मात्र उंच होत गेले. १९४० नंतरच्या कांहीं वर्षांत ओक्लाहोमाचा ७ फूट उंचीचा बॉब कर्लंड आणि शिकागोच्या डीपॉल विद्यापीठाचा ६ फूट १० इंच उंचीचा जॉर्ज मायकन हे दोघे रिंगेजवळ उभे राहून आंत उतरणारा चेंडू वरच्या वर परतवूं लागले. प्रतिपक्षानें कितीहि अचूक नेम धरला तरी त्याचा उपयोग होईना. तेव्हां १९४४ सालीं अमेरिकेतील कॉलेजांच्या सामन्यांत असा नियम करावा लागला कीं, रिंगेकडे उतरूं लागलेल्या चेंडूस बचाव करणारानें स्पर्श करूं नये. एका शरीरगुणास आवर घालण्यासाठीं खेळाचा कायदाच बदलावा लागला, ह्यावरून त्या गुणाचें बळ किती असेल ह्याची कल्पना करावी.

असें असतां उंच मुलास रिंगेखालीं उभा केला, तर त्यांत वावगें काय? ह्या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं एक चूक कबूल करणें आम्हांस भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या हाताखालीं एक विद्यार्थी होता. त्याचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. आठव्या इयत्तेंत असतांनाच तो संघांतील सर्वांहून वीतभर उंच होता. आम्हीं त्यास रिंगेखालीं उभा केला आणि सांगितलें, 'बाबा रे, येथून हलूं नकोस. हात तेवढे वर ठेव.' तो आज्ञाधारक मुलगा खरोखरच हलला नाहीं. दोन वर्षें आम्हीं सामने जिंकले, शाळेंत ढाल आली, संघाचें छायाचित्र निघालें, आणि त्यांत मध्यभागीं तो उभा होता. परंतु त्याची वाढ लवकर झाली होती, तशी ती लवकर थांबलीहि. जीं मुलें त्याच्या खांद्याशीं होतीं, तीं त्याच्या बरोबरीस आलीं. दोघे तर त्याच्याहून उंच झाले. मग रिंगेखालची जागा त्या दोघांस मिळाली, आणि ह्याच्यावर बाहेर येऊन चपळ गड्यांस अडविण्याचा प्रसंग आला. तें त्याला जमेना. शाळेंतील शेवटचें वर्ष त्यानें बहुतेक राखीव खेळाडूंच्या बांकावर बसून काढलें. त्यानें तक्रार केली नाहीं. फक्त एके दिवशीं सराव संपल्यावर विचारिलें, 'सर, मला पळायला कां नाहीं शिकवलें?' त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. हा लेख म्हणजे त्या प्रश्नास उशिरां दिलेलें उत्तर आहे असें समजावें.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. बचावाचे प्रकार मुख्यतः दोन आहेत. एकांत प्रत्येक खेळाडूस प्रतिपक्षाचा एक गडी वांटून दिलेला असतो व तो जाईल तेथें त्याच्या मागें जावयाचें असतें. ह्यास मॅन-टू-मॅन म्हणतात. दुसऱ्यांत गडी वांटून न देतां मैदानाचा एकेक भाग वांटून दिलेला असतो. ह्यास झोन म्हणतात. झोनमध्यें दोघे पुढें व तिघे मागें अशी २-३ ची रचना शाळांतून सर्वांत अधिक दिसते. एक पुढें, तिघे मध्यें व एक अगदीं मागें अशी १-३-१ ची रचनाहि कधीं कधीं वापरतात. उंच मुलासाठीं जागा निवडावयाची म्हणजे ह्या दोन्ही प्रकारांतील जागा एकेक करून तपासल्या पाहिजेत.

पहिली जागा २-३ च्या झोनमधील मागच्या तिघांपैकीं मधली. येथें उंच मुलगा रिंगेसमोर असतो. रिंगेपुढील रंगविलेली चौकट आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें ४.९ मीटर रुंद व ५.८ मीटर लांब असते, आणि तिचा ताबा त्याच्याकडे येतो. आंत घुसणाऱ्या प्रत्येक गड्यास त्याच्या हातांखालून जावें लागतें. शिवाय चढाई करणाऱ्या गड्यास ह्या चौकटींत ३ सेकंदांहून अधिक थांबतां येत नाहीं, परंतु बचाव करणारास तसें बंधन नाहीं. अमेरिकेतील व्यावसायिक सामन्यांत मात्र २००१-०२ च्या हंगामापासून, ज्याच्या हाताच्या अंतरावर प्रतिपक्षाचा गडी नाहीं अशा बचाव करणारासहि ३ सेकंदांची मर्यादा घातली गेली. आपल्याकडे ती मर्यादा नाहीं, म्हणून उंच मुलास तेथें खांबासारखा रोवून ठेवण्याचा मोह अधिक होतो.

ह्या जागेचे दोष दोन आहेत. एक असा कीं, झोनमध्यें कोणाचा गडी कोण हें ठरलेलें नसल्यामुळें, नेम चुकून चेंडू परत उडाला म्हणजे कोणीं कोणास पाठीशीं घालून अडवावें ह्याचा घोटाळा होतो. उंच मुलगा हात वर करून चेंडूची वाट पाहत राहतो, आणि त्याच्याहून बुटका पण सावध असा गडी त्याच्या पुढें शिरून चेंडू घेऊन जातो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. तेथें उभ्या असलेल्या मुलास पाय हलविण्याचें कारणच क्वचित् पडतें. चुकलेलें पाऊल त्याची उंची झांकून टाकते, आणि झांकलेली चूक सुधारण्याची बुद्धि कोणासहि होत नाहीं.

दुसरी जागा त्याच रचनेंत मागच्या कोपऱ्याकडील. चेंडू कोपऱ्यांत गेला कीं येथील खेळाडूस धांवत बाहेर जावें लागतें, आणि चेंडू पलीकडे गेला कीं परत आंत यावें लागतें. तीन गुणांची रेषा रिंगेपासून ६.७५ मीटर दूर असल्यामुळें हें अंतर थोडें नाहीं. उंच मुलगा येथें प्रथम उशिरां पोंचेल आणि कांहीं गुण फुकट जातील. परंतु धांवत जाऊन तोल न जातां थांबणें, आणि हात वर असतांना पाय जमिनीवर ठेवणें, ह्या दोन विद्या त्याला ह्याच जागीं मिळतात.

तिसरी गोष्ट १-३-१ ची. नवशिक्यांस असें वाटतें कीं सर्वांत मागचा एकटा खेळाडू उंच असावा. हा समज चुकीचा आहे. त्या जागेवरील खेळाडूस शेवटच्या रेषेवरून ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सतत धांवावें लागतें. म्हणून तेथें बहुधा चपळ व दमदार मुलगा ठेवितात आणि उंच मुलास मध्यभागीं घेतात. लांब हातांचा दुसरा एखादा मुलगा असल्यास त्यास सर्वांत पुढें ठेवितात, म्हणजे प्रतिपक्षास समोरच्या समोर पास देणें कठीण जातें.

आतां मॅन-टू-मॅनकडे येऊं. येथें उंच मुलाच्या वांट्यास साधारणतः प्रतिपक्षाचा उंच गडी येतो, जो रिंगेजवळ पाठ करून चेंडू मागतो. त्याला अडविण्याच्या तीन तऱ्हा आहेत. त्याच्या मागें उभें राहणें ही सर्वांत सोपी. पण त्यास चेंडू सुखानें मिळतो. पूर्णपणें पुढें उभें राहिल्यास चेंडू त्याच्याकडे सरळ येऊं शकत नाहीं. परंतु डोक्यावरून उंच पास आल्यास मागें रिंग मोकळी पडते, म्हणून मागें मदतनीस असेल तेव्हांच हें करावें. तिसरी तऱ्हा मधली. एक पाय त्याच्या पुढें, एक हात पासच्या वाटेंत, आणि शरीर त्याच्या बाजूस. चेंडू वरच्या बाजूस असेल तर वरून, कोपऱ्यांत गेला तर शेवटच्या रेषेच्या बाजूनें, असें चेंडूबरोबर सरकत राहावें लागतें. तिन्ही तऱ्हांत ही मुलाच्या पायांस अधिक शिकविते.

परंतु मॅन-टू-मॅनची खरी शाळा चेंडू मैदानाच्या दुसऱ्या बाजूस असतांना भरते. अशा वेळीं आपल्या गड्यास चिकटून न राहतां, चौकटींत एक पाय ठेवून, एका नजरेंत चेंडू व दुसऱ्या नजरेंत आपला गडी ठेवावयाचा असतो. चेंडू, आपण व आपला गडी ह्या तीन बिंदूंचा एक चपटा त्रिकोण झाला पाहिजे. सोबत्यास चकवून कोणी आंत घुसला, तर तेथून एका पावलांत वाटेंत येतां येतें. आणि पास आपल्या गड्याकडे गेला, तर परत पोंचतांहि येतें. ह्या जागेस आम्ही पहारेकऱ्याची जागा म्हणतों. खांब आणि पहारेकरी हे दोघेहि दाराशींच असतात. परंतु खांबास कोण आलें तें दिसत नाहीं.

ह्या जागेचें सामर्थ्य ज्यानें जगास दाखविलें तो बिल रसेल. त्याची उंची मायकन इतकीच, म्हणजे ६ फूट १० इंच. पण शाळेंत असतांना तो फारसा चमकलेला नव्हता. पुढें सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघानें त्याच्या बळावर १९५५ व १९५६ सालीं राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें, आणि बॉस्टनच्या संघांतून १९५६ ते १९६९ ह्या १३ हंगामांत त्यानें ११ विजेतेपदें पाहिलीं. तो आपल्या गड्यावरून निघून सोबत्यांच्या मदतीस धांवे. चेंडू अडवितांना तो प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेण्याऐवजीं, तो मैदानांतच राहील व आपल्या सोबत्याच्या हातीं पडेल असा हलकेच वळविण्यावर त्याचा भर असे. त्याच्या काळीं अशा अडविलेल्या चेंडूंची अधिकृत मोजणीहि होत नव्हती. व्यावसायिक सामन्यांत ती १९७३-७४ पासून सुरू झाली. ज्या कामाची नोंद होत नाहीं, तें काम त्यानें इतक्या निष्ठेनें केलें.

दुसरें उदाहरण हकीम ओलाजुवान ह्याचें. नायजीरियांतील लागोस शहरीं वाढलेला हा मुलगा १५ वर्षांचा होईपर्यंत बास्केटबॉल खेळलाच नव्हता. तो हँडबॉल खेळे व फुटबॉलमध्यें गोल राखी. पुढें अमेरिकेत त्यानें व्यावसायिक सामन्यांत ३८३० चेंडू अडविले, आणि हा आंकडा त्या सामन्यांतील उच्चांक आहे. बाल्यावस्थेंत त्याला कोणीं रिंगेखालीं रोवून ठेविलें नाहीं, हें त्याचें भाग्यच म्हणावयाचें. गोल राखतांना पाय जे शिकले, तेंच पुढें रिंग राखतांना उपयोगी पडलें.

ह्या सर्वांवरून आमचा निर्णय असा आहे. सामन्यांत उंच मुलाची जागा रिंगेजवळच असावी, कारण त्याची उंची जेथें सर्वांत अधिक फळ देते तेथून त्यास दूर ठेवणें म्हणजे संघाचें नुकसान करणें होय. परंतु ती जागा पहारेकऱ्याची असावी, खांबाची नसावी. म्हणून मॅन-टू-मॅन हा त्याचा मूळ धडा असावा, आणि झोन हा त्यावर चढविलेला दुसरा मजला असावा. सरावांत मात्र त्यास आठवड्यांतून निदान दोन दिवस बाहेर काढावें, चपळ मुलांपुढें उभें करावें, आणि तो हरला तरी हंसूं नये. सामन्याची गरज आणि शिक्षणाची गरज ह्या दोन भिन्न आहेत. शाळेंत पहिलीसाठीं दुसरीचा बळी देणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

वयाप्रमाणें ह्यांत फरक करावा. मुलांची उंची झपाट्यानें वाढण्याचा काळ साधारणपणें १३ व्या-१४ व्या वर्षाच्या सुमारास येतो; परंतु कोणाचा तो दोन वर्षें आधीं, तर कोणाचा दोन वर्षें उशिरां येतो. म्हणून १४ वर्षांखालील उंच मुलास सर्व जागा फिरवून द्याव्यात. पुढें तो सहा फुटांवर जाईल कीं आहे तेथेंच थांबेल, हें त्याच्या शिक्षकास ठाऊक नसतें. १५ व्या-१६ व्या वर्षीं पहारेकऱ्याची जागा पक्की करावी, आणि २-३ च्या झोनमध्यें मधल्या व कोपऱ्याकडील जागेवर आळीपाळीनें ठेवावें. त्यानंतर, वाढ बहुतेक पुरी झाल्यावर, त्याची खरी जागा ठरवावी. तोपर्यंत ती ठरविण्याची घाई नको.

ह्या वयांत एक शारीरिक गोष्टहि सांभाळावी. झपाट्यानें वाढणाऱ्या मुलांच्या गुडघ्याखालील हाडाच्या उंचवट्यावर उड्यांच्या ताणानें दुखणें उद्भवतें. तें आळसाचें सोंग समजूं नये. उड्या कमी कराव्या, विश्रांति द्यावी व वैद्यकीय सल्ला घ्यावा. एकाएकीं लांब झालेले हातपाय सांवरण्यास मुलास कांहीं महिने लागतात. त्या काळांत तो अडखळला, तर त्याला 'ढब्बू' म्हणून हिणविणें हें क्रीडावृत्तीस शोभत नाहीं.

जागा निवडतांना शिक्षकांनीं व संघनायकांनीं चार गोष्टी पाहाव्यात. पहिली पाय: आडवीं पावलें टाकतांना ते एकमेकांत अडकतात काय? दुसरी नजर: चेंडूकडे पाहतांना तो आपला गडी विसरतो काय? तिसरी हात: उडी मारतांना हात सरळ वर राहतात कीं पुढें झुकतात? सरळ वर उडालेल्या खेळाडूस आपल्या पायांखालच्या जागेचा व तिच्यावरील हवेचा हक्क असतो. हात पुढें झुकले कीं फाउल होतो, आणि पांच फाउल झाले कीं त्याला मैदान सोडावें लागतें. बांकावर बसलेल्या उंच खेळाडूची उंची कोणाच्याच उपयोगाची नाहीं. चौथी गोष्ट वाणी. मागें उभ्या असलेल्या खेळाडूस सर्व मैदान दिसतें. पुढच्या सोबत्यांस पाठीमागचें दिसत नाहीं. 'डावीकडून येतो', 'स्क्रीन आहे', 'मी आहें' अशा तीन-चार शब्दांनीं तो संघास जितका वांचवूं शकतो, तितका उडी मारूनहि वांचवूं शकणार नाहीं. लाजाळू मुलास बोलावयास शिकविणें हा ह्या शिक्षणाचा भागच आहे.

स्क्रीनचा उल्लेख आला, म्हणून दोन शब्द. प्रतिपक्षाचा उंच गडी पुढें येऊन आपल्या सोबत्याची वाट अडवितो आणि चेंडूवाला त्याच्या बाजूनें निसटतो. अशा वेळीं आपल्या उंच मुलानें मागें सरून रिंग राखावी, कीं पुढें झेंप घेऊन चेंडूवाल्यास क्षणभर रोखावें व परत यावें, कीं गडीच बदलून घ्यावा? सामन्यांत नवख्यानें मागें सरावें हें शहाणपणाचें. दुरून नेम साधला तर दोन-तीन गुण जातील, पण रिंग उघडी पडणार नाहीं. सरावांत मात्र पुढें झेंप घेऊन परतण्याचा अभ्यास दररोज करावा. तो साधला, म्हणजे गडी बदलण्याचें धैर्य आपोआप येतें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं जो उंच असेल त्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं, उंची ही वाडवडिलांची देणगी आहे, तिचें श्रेय आपलें नव्हे. तिला पाय, नजर व वाणी ह्यांची जोड देणें हें आपलें काम आहे. जो उंच नसेल त्यानें उंच सोबत्यास रिंगेखालीं ढकलून आपण मोकळें होऊं नये; त्यालाहि पळण्याची संधि द्यावी. आणि जे शिक्षक हा लेख वाचतील, त्यांनीं जूनमध्यें रांगेंतील तें उंच डोकें दिसतांच निकाल देण्यापूर्वीं त्या मुलास मैदानाची एक फेरी धांवावयास सांगावी, आणि तो धांवत असतांना त्याच्या डोक्याकडे न पाहतां पायांकडे पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.